दाराआधीचा चेहरा

१९४९ सालच्या डिसेंबरात सत्तावीस वर्षांचा एक विद्यार्थी शेटलंड द्वीपसमूहातल्या अन्स्ट बेटावर उतरला. ब्रिटनमध्ये याच्याही उत्तरेला माणसांची वस्ती असलेलं बेट नाही. त्या महिन्यात तिथे दिवसाचे सहा तासही धड उजेड नसतो. झाडं जवळपास नाहीतच, वारा मात्र बारमाही. मी अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकतो, बेटावरच्या शेतीचं अर्थकारण समजून घ्यायला आलोय, असं त्यानं गावकऱ्यांना सांगितलं. मेंढ्या, थोडीशी शेती, मासेमारी आणि बायकांचं लोकरीचं विणकाम यांवर गुजराण करणाऱ्या त्या माणसांना यात काही वावगं वाटलं नाही.

अर्विंग गॉफमन नावाच्या या तरुणाला शेतीशी खरं तर काही देणंघेणं नव्हतं. तो अमेरिकनही नव्हता. जन्मानं कॅनडाचा, युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातला, मॅनिटोबातल्या डॉफिन या लहानशा गावात दुकानदाराच्या घरी वाढलेला. विद्यापीठ तेवढं अमेरिकेतलं होतं, शिकागोचं. त्याला पाहायचं होतं ते एवढंच: दोन माणसं समोरासमोर आली की एकमेकांना काय कळू देतात, काय कळू देत नाहीत आणि न ठरवता काय कळून जातं. पीएचडीसाठी हा विषय त्या काळात विचित्रच होता. पण याच प्रश्नाचं बोट धरून पुढच्या चौदा वर्षांत तो मनोरुग्णालयात पोचला आणि तिथून आजारी माणसाच्या अब्रूपर्यंत. समाजातलं आरोग्य म्हणजे काय याचा विचार करणाऱ्यांना आजही त्याच्या वाटेनं जावं लागतं. त्या वाटेची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात आहे, हे मात्र फार कमी वेळा सांगितलं जातं.

त्याआधी एम.ए.साठी त्यानं रेडिओवरच्या एका कौटुंबिक मालिकेच्या श्रोत्यांचा अभ्यास केला होता. शिकागोतल्या मध्यमवर्गीय गृहिणींना चित्रं दाखवायची, त्यांची उत्तरं घ्यायची आणि आकडेमोड करायची, असा मूळ बेत होता. आकड्यांतून काही हाती लागत नाही हे ध्यानात आल्यावर त्यानं आकडे बाजूला ठेवले आणि या बायका उत्तरं देता देता प्रश्नच कसे टोलवतात याबद्दल लिहिलं. पोराचा कल तिथेच दिसला होता.

अन्स्टवर तो बाल्टासाउंड या वस्तीतल्या हॉटेलात राहिला. मधला काही काळ सोडला तर १९५१ च्या मेपर्यंत, म्हणजे एकूण वर्षभर तो बेटावर होता. सभागृहातल्या पत्त्यांच्या बैठका, बिलियर्ड्स, लग्नं, मयत, काही चुकवलं नाही. हॉटेलच्या मोरीत भांडीही घासली. प्रबंधात त्यानं बेटाला ‘डिक्सन’ असं खोटं नाव दिलं.

तिथली त्याची निरीक्षणं पाहण्यासारखी आहेत. शेजारी चहाला म्हणून सहज डोकावायला येतो. घराभोवती आडोसा नाही, आत अंधार. त्यामुळे येणारा माणूस आतल्यांना लांबूनच दिसतो, आतले मात्र त्याला दिसत नाहीत. हा माणूस दमलेला असेल, वैतागलेला असेल, नुसताच आपल्या विचारात असेल. दाराजवळ पोचता पोचता तो चेहऱ्यावरचं सगळं पुसतो आणि अगत्याचं हसू चढवतो. आतली मंडळी हा बदल गुपचूप पाहतात आणि त्यांना त्यात मजाही वाटते. आता याच्या पुढची पायरी: आपल्याला कुणीतरी पाहत असणार हे काही पाहुण्यांना ठाऊक असतं, म्हणून ते बऱ्याच अंतरावरूनच हसरा चेहरा करून चालू लागतात. घरात कुणी पाहतंय की नाही, याची खात्री नसतानाही!

किंवा हे पाहा. बेटाबाहेरून आलेल्या पाहुण्याला घरची बाई तिथला पदार्थ वाढते. पाहुणा म्हणतो, छान झालंय. ती हसून ऐकून घेते, पण लक्ष असतं काट्याचमच्याकडे: घास किती भराभर तोंडात जातोय, चावताना चव घेतोय की उरकतोय. तोंडचे शब्द माणसाच्या ताब्यात असतात, चमच्याचा वेग तितका नसतो, हे त्या बाईला प्रबंध न लिहिता माहीत होतं. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेल्या मंडळींच्या ताटलीतले पोहे मोजणाऱ्या आयांनाही ते माहीत असतंच. आपण देतो ती माहिती आणि आपल्याकडून सुटते ती माहिती, असे गॉफमननं याचे दोन भाग पाडले, आणि सुटणाऱ्या माहितीवर ताबा मिळवण्यात माणसं केवढा जीव आटवतात ते पानोपानी दाखवलं.

हा ताबा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. पूर्वी बेटावरचे कूळ-शेतकरी म्हणे आपली घरं बाहेरून मुद्दाम कळकट ठेवायचे. घर नीटनेटकं दिसलं तर जमीनमालक खंड वाढवेल, ही धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण रिकाम्या मुठीबद्दल म्हणतो. इथे भरलेली मूठही झाकावी लागत होती.

सगळ्यात मौजेची जागा म्हणजे हॉटेलचं स्वयंपाकघर. हॉटेल चालवणारं जोडपं मूळचं तिथल्याच शेतकरी घरांतलं. बाहेर पाहुण्यांसमोर ते मध्यमवर्गीय यजमान. आत स्वयंपाकघरात मात्र त्यांचं खाणंपिणं, बसणंउठणं बेटावरच्या कुठल्याही घरासारखं. अर्धवट वापरलेलं लोणी पुन्हा वळून, ताजं भासवून टेबलावर जायचं. सुपावर कधी बुरशी धरायची. भिजलेले मोजे वाफाळत्या किटलीवर वाळत पडायचे. गोडाधोडात पाहुण्यांच्या आधी नोकरांची बोटं बुडायची. आणि या स्वयंपाकघराच्या दारावरून रोज भांडण! जेवण वाढणाऱ्या मुलींना दार उघडं हवं, कारण ट्रे ने-आण करायला सोपं जातं आणि पाहुण्यांचं खाणं कुठवर आलंय ते दिसतं. शिवाय त्या नोकरच. कुणी आत डोकावलं तर त्यांचं जाणार काय? मालकांना दार बंद हवं, कारण आतलं दिसलं तर बाहेरचं त्यांचं सोंग उघडं पडतं. रागारागानं दार आपटलं जायचं, रागारागानं उघडलं जायचं.

पुढे या साऱ्यावर गॉफमननं रंगभूमीची उपमा बेतली: रंगमंच, विंग, पात्र, प्रेक्षक. १९५६ साली एडिंबरोत आणि १९५९ साली अमेरिकेत निघालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकानं ही उपमा जगभर नेली. मला स्वतःला उपमेपेक्षा ते दार जास्त उपयोगी वाटतं. नाटकात सगळे नट समान असतात असा भास होतो. दाराच्या भांडणात मात्र लगेच कळतं, की आपल्याबद्दल कुणाला काय दिसावं हे ठरवण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नसतो आणि त्याची गरजही सगळ्यांना सारखी नसते.

१९५३ साली प्रबंध शिकागोत सादर झाला. बेटावरच्या जीवनाचं साग्रसंगीत वर्णन, म्हणजे नातीगोती, जमीन, सणवार, असा त्या काळच्या अशा प्रबंधांचा साचा होता. याच्या प्रबंधात ते जवळपास नाहीच. आपण गावाचा अभ्यास केलेला नाही, गावात राहून अभ्यास केलाय, अशा अर्थाचा खुलासा त्यानं सुरुवातीलाच करून टाकला. संभाषणात शांतता पसरली की ती भरून काढायला माणसं हवापाण्यासारखे कोणते बिनधोक विषय हाताशी ठेवतात, कुणी चुकीचं बोललं की बाकीचे ते कसं सावरून घेतात, असे त्यातले मुद्दे.

पुढच्याच वर्षी गॉफमन वॉशिंग्टनजवळ राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झाला, आणि १९५५–५६ मध्ये सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात त्यानं वर्षभर मुक्त वावर केला. १८५५ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात त्या वेळी सात हजारांहून जास्त रुग्ण होते. कवी एझरा पाउंडही त्यांतलाच एक. अमेरिकेतल्या सार्वजनिक मनोरुग्णालयांत मिळून साडेपाच लाखांवर माणसं होती, आणि १९५५ हे त्या गर्दीचं शिखर. गॉफमनचं तिथलं अधिकृत काम खेळ-व्यायाम विभागाच्या प्रमुखाचा मदतनीस हे. खरं काम वरच्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक. त्यानं किल्ली जवळ ठेवली नाही आणि कर्मचाऱ्यांत ऊठबसही टाळली. किल्ली नको म्हणण्यातच त्याची बाजू ठरली होती.

बेटावरून आलेल्या नजरेला इथे जे दिसलं ते डॉक्टरांच्या टिपणांत नव्हतं. रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याचे कपडे काढून घेतले जातात, वस्तू काढून घेतल्या जातात, आंघोळ घालून, केस कापून संस्थेचे कपडे दिले जातात. झोपायला मोठी खोली, तीत ओळीनं खाटा. स्वतःचं कुलूपबंद कपाट नाही. अशा संस्थांत संडासांनाही पुष्कळदा दार नसतं. अन्स्टवरचा शेजारी घराच्या अलीकडे चेहरा बदलू शकत होता, कारण अलीकडे अशी जागा होती. इथे अलीकडेच नाही. दिवसरात्र कुणी ना कुणी पाहतंय, आणि पाहिलेलं लिहून ठेवलं जातंय.

या लिहून ठेवण्यावर गॉफमनची बारीक नजर होती. रुग्णाच्या फायलीत आयुष्यभराच्या गैरवागण्याचे, फजितीचे, घरच्यांशी झालेल्या भांडणांचे प्रसंग वेचून गोळा होतात. ज्या हजार प्रसंगी तो शहाण्यासारखा वागला ते कुणी टिपत नाही. तुमच्या-माझ्या आयुष्यातलेही असेच निवडक प्रसंग वेचले तर कुणाचीही फाईल तयार होईल, हा त्याचा टोमणा मला अजून बिनतोड वाटतो. फाईल वाचण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना, रुग्णाला नाही. बाहेरचा माणूस नव्या ओळखीत आपल्याबद्दल चार बऱ्या गोष्टी सांगून सुरुवात करू शकतो. वॉर्डातल्या माणसानं तसं केलं की परिचारिका फाईल आठवून त्याला गप्प करू शकते. त्यानं चिडून निषेध केला तर? निषेध हेही आजाराचंच लक्षण म्हणून फायलीत जमा. अपमानावर माणूस जी काही ढाल पुढे करील तिच्यावरच पुढचा वार, असा हा फेरा.

आणि तरीही माणसं आपापली मोरी, आपापली विंग उभी करत होती. बायका भल्यामोठ्या पिशव्या सतत खांद्याला अडकवून फिरायच्या, पुरुष मोठ्या खिशांचे कोट घालायचे, कारण कपाट नाही तर सारा संसार अंगावरच. इमारतींमागच्या झाडीत, नजरेआड, काहीजण नुसते जाऊन बसायचे. डॉक्टरांना हे विक्षिप्तपणाचं लक्षण वाटलं असतं. गॉफमनला त्यात स्वयंपाकघराचं दार बंद ठेवू पाहणारा हॉटेलमालक दिसला.

१९६१ साली निघालेलं त्याचं या रुग्णालयावरचं पुस्तक गाजलं, आणि मोठ्या मनोरुग्णालयांविरुद्धच्या चळवळीनं ते हाती धरलं. रुग्णसंख्या तोवर घटू लागलीच होती. त्यामागे १९५४ पासून आलेली क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आणि सरकारी खर्चाची गणितं यांचा वाटा पुस्तकांपेक्षा मोठा. बाहेर पडलेल्या अनेकांना ना घर मिळालं ना उपचार, आणि ते रस्त्यावर आले. याची जबाबदारी गॉफमनच्या वाचकांनी फारशी घेतली नाही.

१९६३ साली त्यानं तिसरा धागा उचलला. हे पुस्तक कलंकाबद्दल आहे, पण त्यात त्यानं कलंकाची कारणं शोधली नाहीत. कलंक असलेला माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय करतो ते शोधलं. त्यानं दोन प्रकार वेगळे केले. एकाचा दोष दिसतोच: चेहऱ्यावरचा व्रण, पांढरी काठी, व्हीलचेअर. याला समोरच्याचं अवघडलेपण सांभाळावं लागतं. लोक नजर चोरतात, मग तोच हसून त्यांना मोकळं करतो. दुसऱ्याचं अजून उघडं पडलेलं नाही: मिरगी, एके काळी झालेली मनोरुग्णालयाची वारी, कमी ऐकू येणं. याचं काम वेगळं. सांगायचं की नाही, कुणाला, कधी, कितपत, आणि ज्याला सांगितलं तो पुढे कुणाला सांगेल? कमी ऐकू येणारा माणूस मुद्दाम विसरभोळेपणाचं, तंद्री लागल्याचं नाटक करतो, कारण बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा धांदरट म्हणवून घेणं परवडतं. हा चोवीस तासांचा हिशेब कुठल्याही रोगनिदानात लिहिलेला नसतो. आजाराच्या वर चढलेला हा दुसरा आजार आहे, आणि तो सगळा संवादाचा आहे.

कलंक घरच्यांनाही लागतो, हेही त्यानं नोंदवलं. ज्या घरात बहिणीच्या लग्नापायी भावाच्या गोळ्या डब्याच्या तळाशी गेल्या आहेत, त्या घराला यावर व्याख्यानाची गरज नाही.

हा विचार मुंबईत कसा उतरला ते पाहण्यासारखं आहे. मानसोपचारतज्ज्ञ मिचेल वाइस आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांशी बोलून मुलाखतीची एक पद्धत घडवली. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला एमिक म्हणतात. रुग्णाला स्वतःचा आजार कसा कळतो, तो कशामुळे झाला असं त्याला वाटतं, याबरोबरच कलंकाबद्दलचे प्रश्न त्यात आहेत. शक्य असतं तर हे लोकांपासून लपवून ठेवलं असतंत का? सगळ्यात जवळच्या माणसाला सांगितलंत का? यामुळे स्वतःच्या नजरेत कमी झालात का? घरात कुणाचं लग्न जमायला अडचण येईल का? लोक घरी यायचे थांबतील का? पुढे या प्रश्नांच्या आवृत्त्या क्षयरोग, मानसिक आजार अशा अनेक दुखण्यांसाठी निरनिराळ्या देशांत वापरल्या गेल्या. प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येक प्रश्न एकेका दाराबद्दल आहे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत ही गोष्ट आकड्यांतही दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली बहुविध औषधांच्या उपचाराची शिफारस केली. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच सरते. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद मात्र आपल्या वैयक्तिक कायद्यांतून २०१९ साली गेली. औषधानंतर अडतीस वर्षांनी. तोवर रुग्ण दवाखान्याची चिठ्ठी लपवत असेल तर त्याला अडाणी म्हणणाऱ्यानं आधी कायद्याचं पुस्तक उघडायला हवं होतं. ‘लवकर या, लवकर निदान करा’ अशी भित्तिपत्रकं लावणाऱ्या आरोग्य खात्यांना रुग्ण उशिरा का येतात हे कळेना, तेव्हा एमिकच्या प्रश्नांचा उपयोग झाला. माणूस उशिरा येतो त्याचं कारण पुष्कळदा अज्ञान नसतं. त्याला रोग पुरेपूर कळलेला असतो, आणि शेजाऱ्यांना तो कळला तर काय होईल हेही.

गॉफमनच्या खात्यावर दोन गोष्टी मात्र नावे टाकाव्या लागतात. पहिली, अन्स्टची फसवणूक. सोंगांचा अभ्यास करायला आलेल्यानं स्वतः सोंग घ्यावं यात कुणाला चतुराई दिसेल. मला दिसत नाही. ज्या जोडप्याच्या हॉटेलात राहिला त्यांच्या स्वयंपाकघरातलं लोणी आणि बुरशी त्यानं जगाला दाखवली, तीही त्यांना न विचारता. आजच्या कुठल्याही विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे हा प्रस्ताव टिकणार नाही, आणि टिकूही नये. शिवाय खोटं नाव देऊन बेट लपत नाही. एक हॉटेल, एक मालक, एक दार: बेटावरच्या माणसाला ओळखायला यापेक्षा काय लागतं?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. मनोरुग्णालयावरचं पुस्तक लिहिताना मानसोपचारशास्त्राबद्दल त्याला फारसा आदर नव्हता, आणि हे त्यानं प्रस्तावनेत लपवलं नाही. माणूस वेडा ठरतो तो परिस्थितीच्या आणि माणसांच्या संगनमतानं, असा त्या पुस्तकाचा सूर आहे. १९६४ साली त्याच्या पत्नीनं आत्महत्या केली. ती मानसिक आजारानं त्रस्त होती. १९६९ साली त्यानं एक लेख लिहिला, त्यात रुग्णालय जवळपास नाही. घर आहे. घरातल्या एकाचं मन बिघडलं की बाकीच्यांचं काय होतं, फोन कोण उचलतं, पैशाचा व्यवहार कुणाच्या हाती ठेवायचा, शेजाऱ्यांना काय सांगायचं, आपण करतोय ती काळजी आहे की पाळत, हे त्यात आहे. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. पण मनोरुग्णालयावरच्या पुस्तकात ज्या घरच्यांनी रुग्णाला फसवून दाखल केलं असं वाटतं, ते घरचे इथे थकलेले, घाबरलेले, प्रेम करणारे लोक झाले आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय गॉफमन वाचला असं म्हणू नये. आपल्याकडे ते पुस्तक अभ्यासक्रमात असतं, १९६९ चा लेख क्वचितच.

नोव्हेंबर १९८२ मध्ये तो गेला. अमेरिकेच्या समाजशास्त्र संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्यानं लिहिलेलं भाषण आजारपणामुळे त्याला देता आलं नाही. पुढच्या वर्षी ते छापून आलं. समोरासमोरच्या व्यवहाराची स्वतःची अशी एक व्यवस्था असते, हा त्याचा विषय, आणि शीर्षकात वापरलेला शब्दप्रयोग त्यानं तीस वर्षांपूर्वी प्रबंधाच्या समारोपात केला होता. प्रबंध स्वतः पुस्तकरूपात यायला २०२२ साल उजाडलं.

गॉफमननं रुग्णालयात जे टिपलं त्याचं उत्तर आता आपल्या कायद्यातही दिसतं. भारताचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली महाराष्ट्राची सरकारी मनोरुग्णालयं त्याच्या कक्षेत येतात. या कायद्याचं सगळं श्रेय गॉफमनला देणं अतिशयोक्ती होईल. देशोदेशीचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, वकील आणि डॉक्टर यांनी ते घडवून आणलं. पण कलम २० वाचताना सेंट एलिझाबेथ्सचा दाखल होण्याचा दिवस उलटा लिहिल्यासारखा वाटतो. रुग्णाचं सक्तीनं मुंडण करायचं नाही. त्याला हवे असतील तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, संस्थेचा गणवेश लादायचा नाही. खासगीपणा राखायचा. कलम २६ प्रमाणे फोन आणि ईमेलचा हक्क. आणि कलम २५ प्रमाणे आपली मूलभूत वैद्यकीय नोंद, म्हणजे तीच ती फाईल, पाहण्याचा हक्क. त्यालाही अपवाद आहे: वाचून रुग्णाच्या मनावर गंभीर परिणाम होईल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, तर संबंधित मानसिक आरोग्य तज्ज्ञ काही भाग रोखू शकतात. मात्र रोखला तर तसं रुग्णाला सांगावं लागतं, आणि तो भाग मिळावा म्हणून मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, हेही त्याला सांगावं लागतं.